हिरव्या उजेडाआधीचा प्रश्न

लहान गावातल्या विज्ञानावर कुणी बोट ठेवलं की मला राग येत असे. तो राग मी वर्षानुवर्षं जपला आणि त्याला निष्ठा समजत राहिलो. आता तो उरलेला नाही. कुणी समजूत काढली म्हणून तो गेला असं झालं नाही. स्फटिकांच्या सममितीचा एक नियम मी नोकरीभर फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या नियमाच्या मागे मी एकदा शेवटपर्यंत गेलो, तेव्हा तो राग गेला.

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. नाचणगावात राहतो. देवळी तालुक्यातलं, पुलगावला लागूनच असलेलं हे गाव. बाहेरच्या माणसाला पुलगाव ठाऊक असतं ते रेल्वे स्टेशनामुळे आणि लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे. नाचणगावचं नाव त्याच्या मागून येतं. महाविद्यालयात शिकवताना संशोधन म्हणून माझ्या हाताला जे काम लागलं, ते द्रावणातून स्फटिक वाढवण्याचं. या कामाला लागतं काय? काचेचं बीकर, ऊर्ध्वपातित पाणी, गाळणकागद, वर झाकायला बारीक भोकं पाडलेला प्लास्टिकचा कागद आणि धीर. क्षार पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवायचा, गाळायचा आणि पाणी हळूहळू उडू द्यायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाणी हळूहळू उडतच नाही. स्फटिक घाईने वाढतो, पोटात पाण्याचे कप्पे धरतो आणि दुधट दिसतो. म्हणून आमचं खरं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि होळीला संपायचं. मधे वीज गेली की स्थिर तापमानाची टाकी थंड पडायची आणि बीज-स्फटिकाभोवती नको असलेल्या खड्यांचा चुरा जमायचा. तरीही एखाद्या सकाळी बीकरच्या तळाशी नितळ, धारदार कडांचा खडा दिसला की डोळ्यांचं पारणं फिटायचं.

शिवाय हे रसायन परकं नव्हतं. प्रकाशाचा रंग बदलणारे स्फटिक जिथे लागतात त्या अरेखीय प्रकाशिकीत ज्या स्फटिकाशी सगळ्यांची तुलना होते तो केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. शेतकरी त्याला ००:५२:३४ म्हणतात आणि ठिबकातून कापसाला, संत्र्याला सोडतात. १२:६१:०० म्हणजे त्याचाच अमोनियमवाला भाऊ, एडीपी. झिंक सल्फेट सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून त्याच दुकानात मिळतं. यूरियाची तर गोणीच. हा यूरिया स्वतः उत्तम अरेखीय स्फटिक आहे आणि प्रयोगशाळांत त्याचा मापदंड म्हणून वापर होतो. (गोणीतला यूरिया २०१५पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, त्यामुळे आधी तो नीट धुऊन पुन्हा स्फटिकरूपात काढावा लागतो.) पुलगावच्या कृषी केंद्रातल्या भाऊंनी एकदा विचारलं होतं, "सर, तुमाले वावर त नाई, मंग हे झिरो-बावन्न कायले पायजे?" मी म्हटलं, याच्यातून प्रकाशाचा रंग बदलता येतो. ते हसले नाहीत. "दाखवा एकडाव," म्हणाले.

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेसर शलाका एका ठिपक्यावर आणतात. अवरक्त प्रकाशापासून अतिनील प्रकाश तयार करायला तिथेही केडीपी कुळातलेच स्फटिक आहेत. त्यांच्या पाट्या ज्या खड्यांतून कापतात त्यांचं वजन ३०० किलोच्या पुढे जातं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातही मोठे केडीपी स्फटिक वाढवले गेले. अमरावतीचं संत गाडगेबाबा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरचं मराठवाडा विद्यापीठ, बीडचं मिल्लिया महाविद्यालय इथे केडीपीवर आणि धातूंच्या थायोयूरिया संयुगांवर काम झालं. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला जगाच्या प्रयोगशाळेत बसायला इथे एक जागा होती, आणि ती बीकरभर पाण्याने मिळवलेली होती. मला तिचा अभिमान होता. अजूनही आहे.

आता या स्फटिकांत घडतं काय ते सांगतो, कारण माझं मत तिथेच फिरलं.

१९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा तांबडा प्रकाश, तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर, क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून सोडला. पलीकडे ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश अगदी थोडासा निघाला. बरोबर निम्मी तरंगलांबी, दुप्पट वारंवारता. त्याचा ठिपका फोटोपट्टीवर इतका पुसट होता की 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापताना तो डाग समजून काढून टाकला गेला. छापील चित्रात बाण आहे, आणि बाणासमोर काही नाही. आज बाजारात मिळणाऱ्या हिरव्या लेसर-काडीत हीच करामत असते: आत १०६४ नॅनोमीटरचा न दिसणारा प्रकाश तयार होतो, केटीपी नावाचा इवलासा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो.

हे कोणता स्फटिक करू शकतो आणि कोणता नाही, हे सममिती ठरवते. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने इलेक्ट्रॉन मागेपुढे हलतो. तो दोन्ही बाजूंना सारखाच हलला, तर दुप्पट वारंवारता निघत नाही. झोपाळ्याच्या एका बाजूला भिंत जवळ असेल तर झोका तिकडे कमी आणि इकडे जास्त जातो. अशा एककल्ली हालचालीतच दुप्पट ठोका दडलेला असतो. पण समजा स्फटिकात उजवीकडे भिंत असलेल्या प्रत्येक झोपाळ्यामागे डावीकडे भिंत असलेला दुसरा झोपाळा आहे. मग दोघांचे दुप्पट ठोके एकमेकांना पुसून टाकतात. अशा जोड्या ज्या बिंदूभोवती जुळतात, त्याला आपण सममिती-केंद्र म्हणतो. गणिताने तर हे दोन ओळींत होतं: क्षेत्र उलटं केलं तरी त्याचा वर्ग तोच राहतो, पण केंद्र असेल तर प्रतिसाद उलटा झालाच पाहिजे. जी राशी स्वतःच्याच उण्याइतकी असते, ती शून्य. बत्तीस स्फटिकवर्गांपैकी अकरांत असं केंद्र आहे. उरलेल्या एकवीसांपैकी घनाकृती कुळातला एक वर्ग इतर सममितींमुळे बाद होतो. राहिले वीस.

यूरिया आणि थायोयूरिया घ्या. एकात ऑक्सिजन, दुसऱ्यात त्याच्या जागी गंधक, बाकी रेणू तोच. यूरियाच्या स्फटिकात केंद्र नाही, तो हिरवा उजेड देतो. थायोयूरियाचे रेणू नेहमीच्या तापमानाला एकमेकांसमोर उलटसुलट असे बसतात की केंद्र तयार होतं, आणि एरवी बलवान असलेला रेणू मुका होतो. त्याच थायोयूरियाचे तीन रेणू गंधकाच्या टोकांनी जस्ताला बांधले, चौथ्या बाजूला सल्फेट लागलं, की झिंक ट्रिस-थायोयूरिया सल्फेट, झेडटीएस, तयार होतं. जस्ताभोवती चतुष्फलकाचे चार कोपरे, आणि चतुष्फलकाला केंद्र नसतं. अर्थात रेणूला केंद्र नसलं म्हणजे स्फटिकाला नसेलच असं नाही, रेणू पुन्हा उलटसुलट बसू शकतात. पण झेडटीएसमध्ये ते तसे बसत नाहीत. त्याचा वर्ग केटीपीचाच आहे. जस्ताचे डी-कक्षेतले दहाही इलेक्ट्रॉन भरलेले, म्हणून तो रंगहीन. हिरवा प्रकाश जन्मल्याजन्मल्या गिळून टाकत नाही. तांब्याचं संयुग निळंहिरवं दिसतं तेव्हा ते दृश्य प्रकाशाचा काही भाग खातच असतं. धातूची निवड, रेणूची निवड आणि त्यांची बसण्याची पद्धत, यांतून मुक्या पदार्थाला वाचा फुटते, हे मला आजही अद्‌भुत वाटतं.

तो उजेड मोजायची सोपी रीत १९६८मध्ये कुर्ट्‌झ आणि पेरी यांनी बेल प्रयोगशाळेतून दिली. मोठा स्फटिक नको, भुकटी चालते. भुकटीवर अवरक्त लेसरचा स्पंद टाकायचा, हिरवा किती येतो ते केडीपीच्या किंवा यूरियाच्या भुकटीशी ताडून पाहायचं. आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांतून नमुन्याच्या बाटल्या यासाठी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जात. उत्तर येई: केडीपीच्या इतके पट. तो आकडा शोधनिबंधाच्या शीर्षस्थानी बसे. माझ्याही मनात तोच बसला होता. हिरवा दिसला म्हणजे नवा पदार्थ सिद्ध झाला, अशी माझी धारणा होती, आणि आमच्यातल्या अनेकांची होती.

२०१० साली मिशेल फ्लेक आणि आर्मेनियाचे आराम पेत्रोस्यान यांनी 'जर्नल ऑफ क्रिस्टल ग्रोथ'मध्ये अमिनो आम्लांच्या क्षारांवर एक निबंध लिहिला. नवे म्हणून जाहीर झालेले बरेच अरेखीय स्फटिक प्रत्यक्षात जुनेच आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षांत गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले बी. आर. श्रीनिवासन यांनी हेच काम आणखी चिकाटीने चालवलं. एकेक निबंध घ्यायचा, त्यातली कृती जशीच्या तशी करून पाहायची आणि काय मिळालं ते छापायचं. 'थायोयूरिया यूरिया झिंक सल्फेट' नावाचा एक स्फटिक जाहीर झाला होता. गोव्यातल्या गटाने तो पुन्हा वाढवून पाहिला. हाती आलं ते ओळखीचं झेडटीएस. यूरिया त्यात नव्हताच.

तो स्फटिक माझा नव्हता. पण तशा वळणाची कामं माझ्या ओळखीच्या माणसांनी केली होती, आणि मी चिडलो. विद्यापीठाच्या पठारावर, क्ष-किरण यंत्रं हाताशी असलेल्या माणसाने, बीकरवर जगणाऱ्यांच्या चुका वेचाव्यात? ज्याच्याकडे यंत्र नाही त्याने स्फटिकाची अणुरचना कुठून सोडवायची? असा माझा युक्तिवाद होता, आणि तो मी सेमिनारमध्ये, चहाच्या टपरीवर, फोनवर, सगळीकडे मांडला. शेवटी ठरवलं की याला लेखी उत्तर द्यायचं, आणि उत्तरासाठी पुरावा लागेल म्हणून तेच द्रावण स्वतः लावलं.

स्फटिक छान वाढले. काढून धुतले, वाळवले. मग बीकरमध्ये उरलेल्या पाण्याकडे, मदर लिकरकडे, पाहत बसलो. आमच्या सवयीने ते फेकायचं असतं किंवा पुढच्या खेपेला वापरायचं असतं. पण यूरिया स्फटिकात गेला असेल तर तो इथे कमी भरायला हवा, हा साधा जमाखर्च मला तेव्हा सुचला. द्रावण आटवलं, कोरडा गाळ स्पिरिटमध्ये ढवळला. यूरिया स्पिरिटमध्ये विरघळतो, झिंक सल्फेट विरघळत नाही. गाळून आलेलं स्पिरिट उडवलं, उरलेले पांढरे कण परीक्षानळीत तापवले. वितळले, अमोनियाचा भपका आला. थंड करून पाणी, कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब घातले. जांभळा रंग. ही बाययूरेट परीक्षा बारावीची मुलं करतात. घातलेला यूरिया जवळपास सगळा पाण्यातच बसून होता. साहजिकच आहे. यूरिया पाण्यात लिटरला किलोभर विरघळतो, तो कशाला आधी बाहेर पडेल? आणि जस्ताला गंधक भेटत असताना यूरियाच्या ऑक्सिजनला जागा कोण देणार?

पण मला जास्त लागलं ते पुढचं. माझ्या या खड्यांची भुकटीही हिरवा उजेड देणारच होती. झेडटीएस केडीपीहून थोडा अधिकच उजेड देतो, हे कधीचं माहीत आहे. म्हणजे भुकटीची परीक्षा मुळीच खोटी नव्हती. ती प्रामाणिकपणे तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देत होती. तो प्रश्न फक्त सममितीचा होता. हिरवा उजेड पदार्थाचं नाव सांगत नाही. तो एवढंच सांगतो की या भुकटीत कुठेतरी केंद्र नसलेलं काहीतरी आहे. आम्ही त्या उजेडाकडून नाव वदवून घेत होतो. ग्लायसीनचंही तसंच. साधं, अल्फा ग्लायसीन केंद्रवालं, मुकं. पाण्यात मीठ घातलं की गॅमा ग्लायसीन बाहेर पडतं, त्यात केंद्र नाही, ते उजेड देतं. मीठ स्फटिकात शिरलेलंच नसतं. त्याने फक्त ग्लायसीनच्या रेणूंची बसण्याची तऱ्हा बदललेली असते. ही गोष्ट स्वतःच किती सुंदर आहे! आणि 'ग्लायसीनचं नवं क्षारसंयुग' म्हणताच ती सुंदर गोष्ट नजरेआड होते.

तिथून माझा युक्तिवाद कोसळला. यंत्र नाही म्हणून आम्ही मागे, असं मी म्हणत होतो. पण बत्तीस स्फटिकवर्ग योहान हेसेलने १८३० साली मोजले, क्ष-किरणांचा शोध लागायच्या ६५ वर्षं आधी. त्या काळातल्या स्फटिकशास्त्रज्ञाकडे मुख्यतः कोनमापक आणि भूमिती होती. कोणत्या वर्गात कोणता भौतिक गुण संभवतो, याचे तक्ते आपल्या एस. भगवंतम यांच्या १९६६च्या पुस्तकात आहेत, आणि ते पुस्तक आमच्या ग्रंथालयाच्या कपाटात होतं. सममितीचा प्रश्न विचारायला वीज लागत नाही. विज्ञानातली ही सगळ्यांत स्वस्त चाळणी आहे, आणि ज्याच्याकडे पैसा कमी त्याने ती सर्वांत आधी वापरायला हवी. गोव्याहून आलेली टीका मला वरून खाली आलेली वाटली होती. ती वाचायला मी पुन्हा बसलो तेव्हा दिसलं की तिच्यातले बरेचसे मुद्दे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचे आहेत: विद्राव्यता, भार, संयुजा, वस्तुमान. तिथे यंत्राने हरवलं नव्हतं, वहीने हरवलं होतं. उत्तर मी लिहिलं नाही.

नंतर जे विद्यार्थी घरी येऊ लागले त्यांच्याकडून मी वेगळ्या क्रमाने काम करून घेतलं. आधी द्रावणात काय काय घातलं त्याचा जमाखर्च. मग ज्ञात पदार्थांच्या पावडर क्ष-किरण आलेखाशी तुलना. हा आलेख आता जवळपासच्या विद्यापीठांत थोड्या पैशांत काढून मिळतो, आणि नव्या पदार्थाला नवी शिखरं लागतातच. मग वर्ग कोणता, त्यात केंद्र आहे का. हिरवा उजेड त्यानंतर. एक मुलगी केंद्र असलेलं निकेलचं संयुग घेऊन आली, रडवेली होऊन. तिला मी सांगितलं की दुप्पट वारंवारता मिळणार नाही, पण तिसऱ्या घाताच्या परिणामांना केंद्राची आडकाठी नसते. झेड-स्कॅन पद्धतीने ते मोजता येतात, आणि तीव्र लेसरपासून डोळे वा संवेदक वाचवणाऱ्या पदार्थांचा शोध तिथेच चालतो. तिने काम सोडलं नाही. थायोयूरिया आणि कॅडमियमचे क्षार हाताळताना हातमोजे आणि कचऱ्याची वेगळी बाटली, हेही आता मी आग्रहाने सांगतो. कॅडमियम गावच्या नालीत जाता कामा नये.

श्रीनिवासन यांच्याशी माझं सगळं जुळतं असं मात्र नाही. चुकीच्या निबंधांचा पूर आला त्यात २०१०च्या यूजीसी नियमांनी आणलेल्या गुणांकांचा वाटा मोठा होता, असं माझं मत आहे. पदोन्नती निबंधांच्या संख्येवर टांगली की माणूस मदर लिकर तपासायला थांबत नाही. टीका करणाऱ्यांनी हे जितक्या जोरात म्हणायला हवं होतं तितक्या जोरात ते म्हटलं गेलं नाही. आणि ते निबंध तपासून छापणाऱ्या नियतकालिकांना कोणत्या गावात शोधायचं?

एका बाबतीत माझं मन अजून ठरत नाही, ते म्हणजे डोपिंग. केडीपीच्या द्रावणात एखादं अमिनो आम्ल किंवा थायोयूरियाचं धातुसंयुग चिमूटभर घातलं की स्फटिक अधिक पारदर्शक होतो आणि उजेड वाढतो, असे दावे पुष्कळ आहेत, आणि त्यातले काही मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहेत. घातलेला रेणू जाळीत शिरतो का? केडीपीच्या घट्ट फॉस्फेट-जाळीत इतका मोठा सेंद्रिय रेणू बसावा, हे मला पटत नाही. मग तो फक्त द्रावणातली धातूंची घाण स्वतःला बांधून घेतो आणि स्फटिक स्वच्छ वाढू देतो, असं असेल? तसं असेल तर सममिती जशीच्या तशी राहते, स्फटिकाचा अरेखीय गुणांक तोच राहतो, आणि वाढलेला उजेड स्वच्छतेचा असतो. हे ताडून पाहण्यासाठी यंदाच्या हिवाळ्यात केडीपीची दोन द्रावणं लावायचं ठरवलं आहे. एकात मिश्रण, दुसऱ्यात मिश्रण नाही पण क्षार अनेकदा शुद्ध केलेला. भुकटीचे कण दोन्हींकडे एकाच चाळणीतून काढलेले हवेत, कारण कण लहानमोठे झाले की उजेडही बदलतो. ००:५२:३४ची पिशवी आणली आहे. भाऊंनाही बोलावलं आहे.